मागून बघायचं राहिलं

उद्या रेनकोट घ्यायला जाणार ना दोघं? काळाच घेणार, मळत नाही म्हणून. घ्या, माझं काय जातंय. पण आता पाऊस लागलाच आहे, तर निजण्याआधी आमच्या मास्तरची गोष्ट ऐका. सतरा वर्षं माझं दुकान त्याच्या दुकानाला लागून होतं. ऐकीव काही सांगत नाही.

मास्तर म्हणजे शाळेतला नव्हे. मोटरसायकलवाल्यांचे रेनकोट विकायचा. पण गिऱ्हाइकाची अशी शाळा घ्यायचा की सगळा बाजार त्याला मास्तरच म्हणायला लागला. दुकानात इंजिन काढलेली एक जुनी गाडी स्टँडवर उभी असायची. रेनकोट चढवून तिच्यावर बसायचं, हँडल धरायचं, पुढे वाकायचं. "उभ्याने सगळेच कोट बरे दिसतात," तो म्हणायचा. "बसल्यावर पँट पोटरीपर्यंत चढते, तेव्हा कळतं." एक माप मोठं घ्या. पँट बुटात खोचू नका, नाहीतर बुटात तळं होईल. शिवणीला आतून पट्टी आहे का बघा. कुणी खांद्यावरून सोडायचा केप मागितला की त्याला हाकलूनच द्यायचा. वाऱ्याने फुगून चाकात गेला की संपलं, म्हणायचा. आम्ही शेजारी बसून हसायचो.

एकुलता एक मुलगा होता त्याचा. छापखान्यात दुसऱ्या पाळीला. त्याच्यासाठी मास्तरने पिवळाधमक सूट निवडला, पाठीवर चार बोटं रुंद चमकती पट्टी. हेडलाइट पडला की पोरगा लांबून दिसावा. पोरगा कुरकुरला, "बाबा, मी काय रस्ते खणायला जातोय?" तरी घातला, गाडीवर बसून दाखवला. मास्तरने समोरून पाहिलं, बाजूने पाहिलं, पास केला. निघताना पोरगा म्हणाला, बॅग भिजते. मास्तरने काउंटरखालून बॅगेवरचं कव्हर काढून दिलं. काळं होतं.

ती बॅग पाठीवर आली आणि पट्टी झाकली गेली. साऱ्या गावाला शिकवणारा माणूस, पण त्याचं मागून बघायचं राहिलं. त्याच रात्री मागून येणाऱ्या ट्रकला पोरगा दिसला नाही.

काही चमकलंच नाही हो, एवढंच तो ट्रकवाला चौकीत म्हणत राहिला. मास्तर ते ऐकून आला आणि त्याची शाळा बंद झाली. गिऱ्हाईक बोट दाखवेल तो कोट द्यायचा. कव्हर आपण दिलं, हे त्याने बायकोलाही सांगितलं नाही. आतल्या आत झुरत राहिला. पोराची क्षमा मागायची होती त्याला, आणि मागणार कुठे?

वर्ष गेलं. जुलैची अठरा तारीख, गुरुवार, रात्रीचे नऊ पन्नास. मी घरी गेलो होतो, पुढचं मास्तरनेच मला सांगितलं. बाजारातले दिवे गेलेले. शटर अर्धं खाली ओढून, बॅटरीच्या उजेडात तो कोटांच्या घड्या घालत होता.

कुणीतरी वाकून आत आलं. डोक्यावर हेल्मेट, अंगावरून पाणी निथळतंय.

"पिवळा आहे?"

मास्तरने वर न बघताच हुकावरचा सूट काढून दिला. चेन ओढल्याचा आवाज आला. मग स्टँडवरची गाडी करकरली.

मास्तरचे हात थांबले. वर्षभरात त्या गाडीवर कुणी बसलं नव्हतं.

पाठ मास्तरकडे. दोन्ही हात हँडलवर. जरासा पुढे वाकलेला.

"मागून बघा ना."

आवाज ओळखीचा होता...

मास्तरने बॅटरी उचलली. उजेड पाठीवर धरला. पट्टी लखकन चमकली.

"दिसतो का?"

मास्तर एक पाऊल पुढे आला.

"बाबा... दिसतो का?"

"दिसतोस रे... लांबून दिसतोस..." आणि मग वर्षभर दडवलेलं बाहेर आलं. "ते कव्हर मी दिलं. मीच दिलं रे..."



नुसता पाऊस...

बॅटरी विझली. दिवे आले तेव्हा गाडीवर कुणी नव्हतं. पिवळा सूट हुकावर होता. कोरडाठाक.

किती वेळ उभा होता, त्याचं त्याला ठाऊक नाही. शटर लावून, स्वतःचा कोट चढवून तो घरी गेला. बायकोने दार उघडलं तशी उंबऱ्यातच त्याने तिला कव्हरचं सगळं सांगून टाकलं. ती रागावली नाही. रडत रडत त्याच्या कोटाची चेन उघडली, कोट उतरवला. आत सदरा कोरडा होता. कोट टांगायला म्हणून तो वळला.

"अहो," ती म्हणाली, "तुमच्या पाठीवर हात कुणी ठेवला?"

दोन्ही खांद्यांच्या मधोमध एक ओला पंजा. पाचही बोटं स्पष्ट. तिने त्यावर आपला तळवा ठेवून पाहिला. पंजा मोठा होता.

सदरा रात्रभर पंख्याखाली टाकला. सकाळी मला बोलावून दाखवला, म्हणून सांगतो. पंजा तसाच ओला होता. मी बोट लावून पाहिलं...

कोमट होता.