थांबा, उघडतंय

चष्मेवाल्याने पुन्हा काच बदलली, तेव्हा मात्र तिला राहवेना.

तिच्या चष्म्याची काडी तुटली होती, म्हणून ती बाकावर बसून होती. समोरच्या खुर्चीत एक तरुण ताठ बसलेला, नाकावर नंबर तपासायची ती जड फ्रेम. भिंतीवरच्या पाटीवर वरून खाली बारीक होत गेलेली अक्षरं. चष्मेवाला म्हणायचा, "ही ओळ वाचा." तरुण ओठ आवळायचा, मान किंचित पुढे न्यायचा, आणि तोंडातून 'प' निघेपर्यंत चष्मेवाल्याचा धीर सुटायचा. "नाही दिसत? बरं, नंबर वाढवू." खट्... की दुसरी काच.

"अहो काका," ती म्हणाली, "त्यांना दिसतंय सगळं. बोलायला जरा वेळ लागतोय, एवढंच. असे नंबर वाढवत बसलात तर घरी जाईपर्यंत खरंच दिसेनासं होईल त्यांना!"

चष्मेवाला ओशाळला. तरुणाने फ्रेम उतरवली आणि वळून तिच्याकडे पाहिलं. आता रागावणार हा, तिला वाटलं. आई म्हणते ते काही खोटं नाही, आपल्या जिभेला हाड नाही. पण तो हसला. आधी डोळ्यांनी, मग सावकाश ओठांनी.

"दि...दिसतंय," तो म्हणाला. "आता तर... जास्तच नीट."

घ्या! म्हणजे बोलायला वेळ लागला तरी बोलायचं काय, ते याला चांगलंच कळत होतं.

बाहेर पावसाची रिपरिप चालू होती. छत्री एकट्या तिच्याकडे, आणि बसथांबा दोघांचा एकच. तेव्हा पुढचं काही कुणाला ठरवावं लागलं नाही.

तिला सगळे मैना म्हणत. रेडिओवरच्या जाहिरातींना आवाज देणं हा तिचा धंदा. साबणाचं कौतुक करणारी सून, दाढ धरून बसलेले आजोबा, भोकाड पसरलेलं बाळ, सगळं ती एकटीच. कुणाचंही बोलणं एकदा कानावर पडलं की गळ्यात उतरलंच म्हणून समजा. तो मुलींच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवायचा. म्हणून ती त्याला 'सर' म्हणू लागली, आधी थट्टेने आणि मग सवयीने.

चष्मे होऊन आले, तरी थांब्यावर भेटणं काही संपलं नाही.

"सर, तुमच्या शाळेतली मशीनं म्हणे फार जुनी आहेत?"

"जुनी आहेत. सुरू व्हायला... वेळ घेतात. माझीच... भावंडं."

"मग तोवर मुली गोंधळ घालत असतील."

"छे. मी सांगतो... थांबा. उघडतंय. घाई... कसली?"

"आणि थांबतात?"

"थांबतात की." त्याने तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही नाही का... थांबत?"

मैनेने रस्त्याकडे तोंड फिरवलं. कान असे तापले होते की विचारू नका.

खरं सांगायचं तर तिला तेच आवडायचं. बाकीच्यांचं वाक्य सुरू झालं की त्याचा शेवट हिला आधीच ऐकू यायचा. ह्याच्या वाक्याचा शेवट कधीच ओळखता यायचा नाही. तो 'घाई' म्हणायचा, मग एक छोटासा श्वास आत घ्यायचा, आणि मग 'कसली'. त्या श्वासापाशी ती रोज उभी राहायची.

एकदा तिने त्याला चष्मेवाल्याची नक्कल करून दाखवली. तो इतका हसला की चष्मा काढून पुसावा लागला. मग गंभीर होऊन म्हणाला, "आता... माझी करा."

"काहीतरीच काय!"

"खरंच. लहानपणी... सगळे करायचे. वर्गातली मुलं, आत्याचा मुलगा. एकदा तर... मास्तरांनीच केली. तुमची... हुबेहूब होईल. एकदा ऐकून टाकतो, म्हणजे... भीती संपली."

"नाही करणार."

"कधीच?"

"कधीच नाही. शब्द देते."

तिच्या हातातली छत्री त्याने आपल्या हातात घेतली आणि बस येईपर्यंत तिच्याच बाजूला कलती धरली. त्याचा डावा खांदा पार भिजला.

आणि मग ते कॉम्प्युटरच्या जाहिरातीचं काम आलं.

लिहिणारा तिच्या ओळखीचाच, स्टुडिओत त्याला कविराज म्हणत. जाहिरातीत दोन कॉम्प्युटर एकमेकांशी बोलणार होते. एक आपला, चुणचुणीत. दुसरा समोरच्या कंपनीचा, मठ्ठ. नाव घ्यायचं नव्हतं, कायद्याची भानगड नको. पण ते मशीन सुरू होताना वाजते तसलीच धून वाजणार होती, म्हणजे कुणाची टर उडवली आहे हे शेंबड्या पोरालाही कळावं.

"म्हणजे आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं," मैना कागद वाचून म्हणाली. "अहो कविराज, दुसऱ्याची रेघ पुसून आपली मोठी होत नाही."

"मोठी दिसते ना, बास," कविराज म्हणाला. "आणि आपण काय माणसाला हसतोय? मशीन ते! त्याला ना आई ना बाप. त्याला कुठे लागायचंय?"

तिला पटलं. खरंच, मशीनला काय लागणार?

मठ्ठ मशीनसाठी तिने झोपाळू आवाज काढून पाहिला. मग सर्दी झालेला. मग म्हातारा. काचेपलीकडे कंपनीचे साहेब बसले होते, ते प्रत्येक वेळी मान हलवत. "हसू येत नाहीये हो." सकाळची दुपार झाली. घसा सुकला, डोकं बधिर झालं. कविराज म्हणाला, "लिहिलेलं सोड. तुला सुचेल ते बोल." लाल दिवा लागला. मैनेने डोळे मिटले, आणि तिच्याच तोंडातून तिच्या कानावर आलं:

"थां...थांबा. उघ...उघडतंय. घाई..." एक छोटासा श्वास. "...कसली?"

काचेपलीकडे हास्याचा स्फोट झाला. साहेबांनी टेबलावर हात आपटला. कविराज पोट धरून खाली बसला. सकाळपासून जी दाद मिळत नव्हती ती अशी अंगावर आली आणि मैना स्वतःही हसली. हो, हसली. ते हसू ओठांवर असतानाच तिच्या काळजात चर्र झालं.

"ते नको," ती म्हणाली. "दुसरं घेऊ. मी देते दुसरं."

"वेडी की काय तू? हेच!"

तिने पुन्हा सांगायला हवं होतं. पाय आपटायला हवे होते. पण साहेब उठून कौतुक करायला आत आले, आणि ती गप्प बसली. आजकाल रेडिओ ऐकतो कोण, तिने मनाची समजूत घातली. सरांना तिने एका शब्दाने सांगितलं नाही.

जाहिरात अशी काही गाजली की सांगता सोय नाही. बसचा कंडक्टर सुट्टे पैसे शोधताना म्हणायचा, 'थां...थांबा.' दुकानदार शटर वर करताना म्हणायचा, 'उघ...उघडतंय.' घरी आईनेसुद्धा कुकरकडे बघून म्हटलं, "घाई... कसली?" आणि लेकीकडे कौतुकाने पाहिलं. मैना ताटावरून उठली.

सर थांब्यावर येत होते, पण बोलणं आटलं होतं. नुसती मान हलवायची, नुसतं हसायचं, तेही अर्धवट. एका संध्याकाळी तिने विचारलं, "बरं नाहीये का?"

त्याने समोरच्या ओल्या रस्त्याकडे नजर वळवली.

"वर्गात," तो म्हणाला, "मी नुसतं 'थां...' म्हटलं. पुढचं... सगळ्या वर्गाने म्हटलं. एका सुरात. त्या मला नव्हत्या हसत... जाहिरातीला हसत होत्या. चांगल्या मुली आहेत. पण आता... मी फळ्यावर लिहूनच शिकवतो."

मैनेच्या तोंडचं पाणी पळालं. "सर, मी..."

"माहीत आहे."

"कसं?"

"श्वास," तो म्हणाला. "'घाई'च्या नंतरचा. मास्तरांनी नक्कल केली, आत्याच्या मुलाने केली... तो श्वास कुणालाच माहीत नव्हता. इतकं जवळून... मला कुणी ऐकलंच नव्हतं. म्हणून... ओळखलं." त्याने चष्मा काढून हातात धरला. "मला वाटायचं, तुम्ही... ऐकताय. तुम्ही... पाठ करत होतात."

बस आली. तो चढला. ती तिथेच उभी राहिली, आणि रडायला आलं तेव्हा तिला कळेना की हे रडणं कुणाच्या आवाजातलं आहे.

दुसऱ्या दिवशी कविराज नाचतच आला. साहेबांना त्याच मठ्ठ मशीनच्या आणखी जाहिराती हव्या होत्या.

"मी करणार नाही," मैना म्हणाली. "आणि आधीची बंद करा."

"अगं, चालती गाडी कुणी थांबवतं का? झालंय काय तुला? मशीनला हसलो आपण..."

"मशीनला हसलोच नाही कविराज! सकाळभर मी मशीनचे आवाज काढत होते, कुणी हसलं? आपल्याला मशीनला हसताच येत नाही. आधी त्याचा माणूस करावा लागतो. आणि तो माणूस कुठून तरी उचलून आणावा लागतो. मी आणला. न विचारता."

कविराजाने हातातले कागद खाली ठेवले. माणूस वाईट नव्हता तो. "पण हसल्याशिवाय ऐकतं कोण गं," तो हळूच म्हणाला. "नुसतं 'आमचं मशीन चांगलं आहे' म्हटलं तर लोक स्टेशन बदलतात."

"बदलू देत."

"मग तू नाही तर दुसरी येईल."

"येऊ दे. पण हा श्वास तिला नाही मिळायचा."

जाहिरात काही बंद झाली नाही. स्टुडिओतून मैनेला बोलावणी येईनाशी झाली, तेव्हा ती काय समजायचं ते समजली. आणि एका दुपारी शाळेच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. तो मधल्या सुट्टीत बाहेर आला आणि तिला पाहून जागीच थांबला.

"मला तुमच्या वर्गात यायचंय," ती म्हणाली. "मुलींशी बोलायला. तुमचं नाव घेणार नाही. तुम्ही नको म्हणालात तर आल्या पावली परत जाईन."

त्याने फार वेळ घेतला. ती मध्ये एक अक्षर बोलली नाही. शेवटी तो फाटकातून बाजूला झाला.

रेडिओवरची मैनाताई आलीय म्हटल्यावर वर्ग डोक्यावर घेतला मुलींनी. "ते म्हणा ना! ते 'थां...थांबा' म्हणा ना!" जुनी मशीनं रांगेने बंद होती, आणि फळ्यावर सरांच्या रेखीव अक्षरात अख्खा धडा लिहिलेला होता.

"ते मी म्हणणार नाही," ती म्हणाली. कुणाचा आवाज लावू? सुनेचा? शिक्षिकेचा? एकही गळ्यात येईना. जो आला तो बारीक, थरथरता, तिलाच अनोळखी होता. "मला... मला त्या मशीनचा आवाज सापडत नव्हता. म्हणून मी एका माणसाचा घेतला. तो माझ्याशी विश्वासाने बोलायचा. कधी नक्कल करणार नाही असा शब्द दिला होता मी त्याला, आणि तो मोडला. सगळे हसले म्हणून मला बरंही वाटलं. ती जाहिरात लागली की तुम्ही हसा नाहीतर नका हसू. पण तो आवाज मशीनचा नाहीये, एवढं सांगायला आले."

पुढच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मग कोणाचा आहे, ताई?"

मैनेने मान खाली घातली. मागून, फळ्याशी, खडू ठेवल्याचा आवाज आला.

"मा...माझा," सर म्हणाले.

कुणी हललं नाही. त्या मुलीचा चेहरा आधी गोंधळला, मग लालबुंद झाला. ती उठली, आणि काय करावं ते न सुचून आपल्या मशीनचं बटण दाबलं. मग शेजारणीने दाबलं. धून वाजत गेली एकेका बाकावर, जाहिरातीतली तीच ती धून. काळे पडदे तसेच काळे राहिले.

सर चालत वर्गाच्या मध्यभागी आले.

"थां..." ते म्हणाले.

सगळा वर्ग त्यांच्याकडे बघत होता. एकीच्याही ओठांनी पुढचं म्हटलं नाही.

"...थांबा. उघडतंय. घाई... कसली?"

मैना तशीच बाहेर पडली. फाटकाशी पोचेपर्यंत तिला धड दिसतही नव्हतं.

शाळा सुटल्यावर तो थांब्यावर आला. पावसाची भुरभुर होती, छत्री तिच्याकडे, पण उघडायची कुणालाच आठवण नव्हती.

"माफ करा असं म्हणायलासुद्धा मला तोंड नाही," ती म्हणाली.

त्याने हात वर केला. थांब, अशा अर्थाने. ओठ आवळले, मान किंचित पुढे नेली.

"मला... तू..."

तिला कळलं. सगळं वाक्य कळलं, शेवटासकट. ते तिच्या गळ्यात तयार होतं, नुसतं तोंड उघडायचा अवकाश. बस आली, दार उघडून उभी राहिली. कंडक्टरने विचारलं, "येताय का?" मैनेने नकारार्थी मान हलवली. बस गेली. तिच्या केसांवरून पाणी निथळत होतं आणि ती त्याच्या ओठांकडे बघत उभी होती.

"...मला तू... आवडतेस," तो म्हणाला. "रागावलो होतो. अजून... थोडा आहे. पण आवडतेस."

"मलाही तू आवडतोस," ती म्हणाली. तिचा आवाज मघासारखाच थरथरत होता आणि तिने तो लपवला नाही. मग मात्र जिभेला हाड नाही ते नाहीच! "आईला भेटायला कधी येतोस? उद्या? परवा? रविवारी?"

त्याने छत्री तिच्या हातातून घेतली, उघडली, तिच्या बाजूला कलती धरली. आणि अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "थांबा. घाई..."

तो छोटासा श्वास त्याने आत घेतला.

"...कसली?"

आणि ती हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या वाक्याला हसली, आणि तोही तिच्याबरोबर हसला.