मोज्यांतली कुसळं

काम अर्ध्या तासाचं होतं. ओढ्यापलीकडच्या माळाची फाईल मोजणीदाराला उद्या कचेरीत द्यायची होती, आणि तिला जोडायला अलीकडच्या गोदामाचं माप हवं होतं. खुद्द माळ बघायला जायचा त्याचा विचार नव्हता. शेऱ्यात ‘पडीक’ एवढा एक शब्द लिहायचा. त्यासाठी उन्हातान्हात पाय कशाला झिजवायचे!

गोदाम उभं होतं तोही एकेकाळी माळच. आठ वर्षांपूर्वी त्याचा ‘पडीक’ शेरा ह्यानंच लिहिला होता, जीपमधून न उतरता. गवत कमरेएवढं होतं आणि मोजे नवे होते. रोज संध्याकाळी बायको पायरीवर बसून त्याच्या मोज्यांतली कुसळं वेचायची आणि वर्तमानपत्रावर ढीग करायची. त्या दिवशी तिनं मोजे उलटेपालटे करून पाहिले.

“अहो, आज एकही नाही? उतरलाच नाहीत ना?”

“उतरलो की.”

तिनं मोजे एकात एक घालून गुंडाळले. महिन्याभरात चंडोल, टिटव्यांची अंडी, गवतातली बारीक निळी फुलं, सगळं बुलडोझरखाली गेलं. तीन वर्षांपूर्वी बायकोही वारली. खरं सांगायचं राहूनच गेलं, आणि ते त्याच्या मनाला अजून खायचं.

गोदामाच्या दाराशी म्हातारा रखवालदार बसला होता.

“मोजे काढून जा, साहेब.”

“का हो?”

“सगळ्यांना सांगतो... ऐकत कुणी नाही.”

मोजणीदार हसला आणि तसाच आत गेला. भर दुपार होती. खाली सिमेंट, वर पत्रा, दोन्ही बाजूंना खोक्यांच्या रांगा. वाऱ्याचं नाव नव्हतं. टेप सोडत तो मधोमध आला, तेव्हा सळसळ सुरू झाली. आधी घोट्यापाशी, मग गुडघ्यापाशी, मग कमरेपाशी. तापलेल्या गवताचा तो ओळखीचा वास आला. कुठेतरी पायाशीच टिटवी ओरडली, अंडी वाचवायला ओरडते तशी... त्यानं खाली पाहिलं. नुसतं सिमेंट. पण पुढचं पाऊल त्यानं जपून टाकलं. आठ वर्षं उशिरा.

“झालं माप?” बाहेर आल्यावर रखवालदारानं विचारलं. त्याची नजर मोजणीदाराच्या पायांवर होती.

मोजे कुसळांनी भरले होते.

घरी येऊन त्यानं ते पायरीवर काढून टाकले आणि पाय धुवायला आत गेला. घरात दुसरं माणूस नव्हतं. परत येऊन पाहतो तो मोजे स्वच्छ होते. एकात एक घालून गुंडाळलेले, ती गुंडाळायची तसे. शेजारी वर्तमानपत्रावर कुसळांचा ढीग.

तो पायरीवरच बसला आणि ढसाढसा रडला.

“नव्हतो उतरलो,” तो रिकाम्या पायरीला म्हणाला. “चुकलं माझं... उद्या पलीकडच्या माळावर जातो. पायी जातो. मगच शेरा लिहितो.”



सकाळी उठला तेव्हा उंबऱ्यापाशी बूट पुसून ठेवलेले होते, आणि त्यांवर मोज्यांची धुतलेली जोडी. त्यानं ती हातात घेतली. टाचेशी एक कुसळ होतं. भर उन्हाळ्यात हिरवंगार, दवानं ओलं.