न दिलेली माफी

नारायण पेठेतल्या टपरीवर उत्कर्षाचा चहा निवत होता आणि ती पेपर वाचता वाचता चक्क रडत होती.

"बातमी इतकी वाईट लिहिलीय का हो?" शेजारून कुणीतरी विचारलं.

"धायरीत बिल्डरनं उघड्या ठेवलेल्या टाकीत मुलगी बुडाली, आणि आई म्हणते, 'मी सगळ्यांना माफ केलं.' तुम्ही दगड असाल तर नका रडू!"

"रडलो की... लिहिताना." तो गालात हसला. "इंद्रजीत, बातमीदार. आणि तुम्ही आजपासून आमच्याच डेस्कवर ना?"

झालं! तो बातमी मुद्दाम उशिरा द्यायचा, ती लटकं रागवायची. रात्री पेपरचं पान लावून झालं की दोघं नदीकाठानं चालायची. बोटाला बोट लागलं की एवढी बडबडी उत्कर्षा बोलता बोलता वाक्यच विसरायची. ज्याला एका आईचं असं बोलणं ऐकू येतं, त्याच्यासोबत जन्म काढावा, असं तिला वाटायचं.

एक दिवस ती आईच, सोजरबाई, ऑफिसात आली.

"म्या कवा माफ केलं? बिल्डरचा वकील ह्योच पेपर दावतो. पोलीस सायेब म्हनले, आईचीच तक्रार न्हाई, फाईल बंद!"

"आमचा माणूस भेटला होता ना तुम्हाला?"

"कुनी बी आलं न्हाई."

उत्कर्षानं इंद्रजीतला जिन्यात गाठलं.

"त्यांचं दार बंद होतं गं... बातमी तर द्यायची होती. वाटलं, कुठलीही आई असंच म्हणेल." त्यानं तिचा हात धरला. "खुलासा छापलास तर नोकरी जाईल माझी. त्याच वाक्यानं तर तू माझी झालीस ना? लग्न करू या... माझं खरंच प्रेम आहे तुझ्यावर."

त्याचा आवाज अगदी हवा तिथेच थरथरला. तिला त्याची किळस आली. आणि तरीही विश्वास ठेवावासा वाटला, याचा संताप आला.

"यातलं खरं कुठलं, ते मला आता कधीच कळणार नाही," ती म्हणाली आणि तिनं हात सोडवून घेतला.

खुलासा तिनंच लिहिला. संपादकांनी तो पाचव्या पानावर, तळाशी घेतला. इंद्रजीतची नोकरी गेली. फाईल मात्र कुणी उघडली नाही.

सोजरबाई पेपर घेऊन पुन्हा आली. "आता तरी न्याय मिळंल ना, पोरी?"

हो म्हणणं किती सोपं होतं! सोजरबाईचा चेहरा क्षणभर उजळलाही असता.

"माहीत नाही, मावशी," उत्कर्षा म्हणाली.