युवराजची किल्ली

किल्ली करून घ्यायची, एवढंच काम होतं. माझ्या वडिलांना, आबांना, हृदयाच्या तपासणीसाठी सारखं बारामतीला न्यावं लागायचं, एसटीचे धक्के त्यांना सोसेनात, आणि घरची गाडी पळसदेवला अंगणात नुसती उभी होती. तिची किल्ली युवराजच्या खिशात होती, आणि युवराज उजनीच्या पाण्यात गेला होता.

युवराज माझा धाकटा भाऊ. उन्हाळ्यात धरण उतरलं की आमच्याकडं जुन्या देवळाचं शिखर वर येतं. त्या दिवशी तो काठावर गाडी लावून तेच बघत उभा होता. एकाएकी वारं सुटलं आणि मासे धरणाऱ्या भामाबाईंची होडी उलटली. त्यानं अंगातल्या कपड्यांनिशी उडी टाकली. भामाबाईंना काठाकडं ढकललं आणि स्वतः गाळात रुतला. नंतर तो सापडला तेव्हा खिशात भिजलेला मोबाईल होता, किल्ली नव्हती. दुसरी किल्ली त्यानं आधीच कुठंतरी हरवलेली. लोकांनी गाडी ओढत घरी आणली, ती लिंबाखाली तशीच राहिली.

पुण्याहून येताना मी बारामतीत हिंदुरावांच्या दुकानात थांबले. गाड्यांच्या किल्ल्या करणारा माणूस, वयानं आबांहून थोडा लहान.

"गाडी कुणाच्या नावावर हाय, ताई?"

"भावाच्या. तो... आता नाही."

त्यांनी हातातली कानस खाली ठेवली. "मग वारसाचे कागद बघावे लागतील. वाईट वाटून घेऊ नका. कुणी बी येऊन किल्ली मागावी आन आमी द्यावी, असं चालत न्हाय."

कागद बघून ते दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आले. दार उघडून त्यांनी बॅटरी तपासली आणि मान हलवली. "पार मेलीय. कित्येक महिन्यांत हिनं डोळा सुदिक उघडला नसंल."

ओसरीवर बसलेली आई म्हणाली, "काल उघडली की."

"काय उघडली, मावशी?"

"गाडी. रोज दिवेलागणीला उघडती. दिवं लुकलुकत्यात, आरसं कान टवकारल्यागत बाहीर येत्यात. जरा थांबती... मग मिटती."

हिंदुराव माझ्याकडं बघत राहिले. आईचं हे बोलणं आबांनी मला फोनवर सांगितलं होतं. किल्ली खिशात घेऊन युवराज अंगणात आला की गाडी अशीच स्वतःहून उघडायची. आईच्या मनानं ते धरून ठेवलंय, असं आम्ही समजत होतो.

त्यांनी नवी बॅटरी बसवली, स्टिअरिंगखाली मशीनची वायर जोडली आणि मला समजावून सांगितलं. "या किल्लीत लोखंडापेक्षा ओळख महत्त्वाची. आत बारीक चिप असती, गाडी तिला ओळखती. आता नव्या किल्लीची ओळख घालायची, तर जुन्या सगळ्या पुसायच्या. म्हंजे हरवलेली कुणाला घावली तरी तिनं गाडी उघडणार न्हाय."

आई उठून उभी राहिली. "मंग... त्याच्याजवळची?"

हिंदुरावांनी मशीनवरचा हात मागं घेतला.

"त्याची नका पुसू. नवी करा, पर त्याची ऱ्हाऊ द्या. रोज येतंय पोरगं, त्यानं कसं बसायचं आत?"

"यशोदे," आबा खुर्चीतूनच म्हणाले, "तो गेला." एवढं बोलतानाही त्यांना धाप लागली.

हिंदुरावांनी मला हळूच विचारलं, "ताई, काय करू?"

मी आबांच्या निळसर ओठांकडं पाहिलं. "पुसा," मी म्हणाले.

मशीननं एकदा खात्री करून घेतली. त्यांनी बटण दाबलं. गाडीनं बारीकसा आवाज केला, बस्स. आईनं तोंडाला पदर लावला आणि ती आत गेली. ज्या दिवशी युवराजला उचललं, त्या दिवशीसुद्धा ती अशी रडली नव्हती.

हिंदुराव नव्या किल्ल्या देऊन उजेड असतानाच निघून गेले.

दिवेलागण झाली. मी तुळशीपाशी दिवा लावत होते. वारा पडला होता, उसाचं पातंही हलत नव्हतं. तेवढ्यात कुठूनसा ओल्या गाळाचा वास आला. उतरलेल्या धरणाचा तो वास आम्हा पळसदेवकरांना नवा नाही, पण तो काठावरचा. अंगणात कधी येत नाही.

खट्.

मी वळून पाहिलं. गाडीपाशी कुणी नव्हतं. ड्रायव्हरच्या दाराचं हँडल मात्र वर उचललं गेलं होतं. ते सुटलं. थोडं थांबून पुन्हा उचललं गेलं.

खट्... खट्...

त्यात राग नव्हता. दार चुकून आतून लागलं असेल आणि आपलंच माणूस उघडेल, या भरवशानं वाजवावं तसं ते वाजत होतं. मग घाई वाढली. हँडल सारखं उचललं जाऊ लागलं, आणि मला गाळात पाय मारणारा माझा भाऊ दिसला. मी दिवा धरून तशीच उभी.

आई आतून धावत आली. कोनाड्यातली नवी किल्ली तिच्या हातात होती. "थांब रं बाळा... थांब, उघडते..."

तिनं बटण दाबलं, दार ओढून धरलं आणि स्वतः बाजूला सरली. गाडी एका अंगाला किंचित दबली. आईनं दार अगदी हलक्या हातानं लावलं, झोपलेल्या मुलाच्या खोलीचं लावावं तसं.

आबा केव्हा बाहेर आले, कळलं नाही. ते भिंतीला धरत गाडीपर्यंत गेले आणि पलीकडच्या दारानं आत बसले. युवराज गाडी चालवायचा तेव्हा ते तिथंच बसायचे. काचेतून त्यांचे ओठ हलताना दिसत होते. काय बोलले, ते मी कधी विचारलं नाही. बाहेर आले तेव्हा त्यांचा एक खांदा भिजला होता. म्हणाले, "श्रेया, सांजच्याला कुलूप लावत नको जाऊ."

तेव्हापासून आम्ही लावत नाही.

पुढच्या तपासणीला मीच आबांना घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, बरं आहे. परतताना आबा किती तरी दिवसांनी गप्पा मारत होते. सणसर गाव मागं पडलं, दोन्ही बाजूंना ऊस, ऊन चांगलं टळटळीत. अचानक गाडी पिंपिं करू लागली. समोर लाल खूण उमटली होती. मागच्या सीटवर कुणी पट्टा न लावता बसलं की उमटते ती.

आरशात पाहिलं. सीट रिकामी.

"तो असंल," आबा शांतपणे म्हणाले. "ऱ्हाऊ दे."

मी मान हलवली. खरं सांगते, भीती वाटली नाही. उलट डोळे भरून आले. पण पुढच्या वळणावर, कालव्याच्या पुलापाशी, त्या खुणेशेजारी मागच्याच सीटची आणखी एक लाल खूण उमटली.

आबांनी चमकून मागं पाहिलं.

हे दुसरं कोण? माझ्या मनात पहिली आली ती आईच. ती घरी एकटी होती. मी फोन लावला. वाजत राहिला, उचलला नाही. राहिलेला रस्ता कसा कापला, आठवत नाही. अंगणात गाडी थांबवून मी उतरले तर आई ओसरीवर घेवडा निवडत बसलेली. मी तिला घट्ट मिठी मारली आणि रडू लागले.

"अगं, फोन आत राह्यला. झालं काय?" तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. मग माझ्या खांद्यावरून तिनं गाडीच्या मागच्या काचेकडं पाहिलं, आणि तिचा हात थांबला.

"श्रेया... युवराजच्या मांडीला टेकून बसलीय, ती ओलीचिंब बारकी पोरगी कुणाची गं?"