आजोबांच्या नळीतलं पाणी

मंगळावर पाऊस पडत नाही. तिथल्या वसाहतीत छप्पर गळण्याचाही प्रश्न नाही. मग शाल्मलीच्या आजोबांच्या नाकात झोपेत पाणी यायचं तरी कुठून?

आजोबांना निद्राश्वासरोध (झोपेत श्वास मध्येच अडण्याचा त्रास) होता. त्यासाठी त्यांचं सीपॅप यंत्र नळीतून कोमट, ओलसर हवा दाबाने मास्कमध्ये सोडायचं आणि श्वास सुरळीत राहायचा. पण दसऱ्यापासून काय झालं कोण जाणे! नळीत गुडगुड, नाकात थेंब. आजोबा वैतागून मास्क काढून टाकत, मग श्वास अडे आणि झोपेचं पार खोबरं होई. यंत्रात म्हणाल तर काहीच बिघाड नव्हता.

परवा भरदुपारी गुहेतलं ‘मुंगूस’ दुरून रिमोटने चालवताना त्यांचा डोळा लागला. मुंगूस म्हणजे बर्फ शोधायला आजोबांनी स्वतः घडवलेली छोटी गाडी. एका डुलकीत मुंगूस खोल कपारीत कोसळलं. तेव्हापासून आजोबा धड जेवलेही नव्हते.

यंत्र पुसायला शाल्मली पलंगावर चढली. दसऱ्याला तिनेच त्याला झेंडूचं फूल वाहिलं होतं आणि बुटक्या स्टुलावरून उचलून उंच फळीवर ठेवलं होतं. पूजा केलेल्या वस्तूला पाय लागला तर? आईनेही कौतुक केलं होतं, “शहाणी गं माझी बाय!”

नळी भिंतीला चिकटून खाली आली होती. शाल्मलीने हात लावला. “अगं बाई! आजोबा, भिंत केवढी गार आहे!”

आजोबा ताडकन उठून बसले. “सरबताचा गार पेला बाहेरून ओला का होतो गं?”

“हवेतली वाफ त्याला लागून थंड होते. मग तिचे थेंब होतात.”

“सांद्रीभवन (वाफेचं पुन्हा पाणी होणं)! नळीतली ओलसर हवा गार भिंतीपाशी थंड झाली. आतच थेंब जमले. आता पाणी कुठे वाहणार?”

“उताराला...” शाल्मलीने नळीवरून नजर खाली नेली. फळीवरून उतार थेट आजोबांच्या नाकाकडे होता. “म्हणजे मीच केलं हे!”

“तू मायेने केलंस. माझी अक्कल कुठे शेण खायला गेली होती? जन्मभर पाणी शोधत हिंडलो आणि नाकात आलं तरी कळलं नाही!”

दोघांनी यंत्र पुन्हा स्टुलावर ठेवलं, उशीपेक्षा खाली. आता थेंब झालेच तर ते परत यंत्राच्या पाण्याच्या डबीत जाणार होते. जमिनीवर ठेवलं तर धूळ ओढली जाईल, म्हणून स्टूल हवंच. यंत्रात हवा शिरायला भिंतीपासून थोडी जागा सोडली. नळीभोवती लोकरी गळपट्टा गुंडाळला आणि खोलीची ऊबही जराशी वाढवली.

सकाळी आजोबा टवटवीत होऊन उठले. शाल्मलीला मात्र रडू कोसळलं. “हे आधी कळलं असतं तर मुंगूस वाचलं असतं ना?”

“वाचलं असतं,” आजोबा म्हणाले. खोटं सांगून तिची समजूत घालणं त्यांना जमेना. त्यांचेही डोळे भरून आले. “फार जीव होता माझा त्याच्यावर.”

मग आजोबांनी नव्या गाडीचं चित्र काढायला घेतलं. चालवणाऱ्याचा डोळा लागला की ही गाडी जागीच थांबणार होती.

“ही मुंगसाला शोधेल?”

“सापडेलच असं नाही सांगत, बाळा. पण शोधू. आता मी जागा असेन.”