मागचा रोटर

"दीदी, भंगारवाली गाडी यही है क्या?"

मी गाडीतच बसले होते. बाबा गेल्यापासून रविवारची सकाळ मी तिथेच काढते... मांडीवर पुस्तक, पान बहुतेक तेच. समता कॉलोनीतल्या आमच्या फाटकाशी एक उंच तरुण उभा होता. खांद्याला हत्यारांची पिशवी, बुटांवर उरल्याच्या कारखान्यांची लाल धूळ.

"भंगार नाही," मी म्हणाले. "आणि मी दीदीही नाही."

"सॉरी..." तो हसला. "श्यामराव अंकलने भेजा. मैं विराज. कारखाने की मशीनें ठीक करता हूँ. ऐसी गाडी बचपन से ढूँढ रहा हूँ."

श्यामराव माझे काका. बाबांच्या तेराव्यालाच ते म्हणाले होते, "दादाचे हात किती थरथरून राहिले होते शेवटी! त्या हातानं बांधलेलं इंजिन भंगारच, पोरी. विकून टाक."

भीती मलाही तीच होती.

त्या जुन्या जपानी गाडीत पिस्टन नाहीत. दोन रोटर आहेत, फुगीर बाजूंचे त्रिकोण. त्यांच्या प्रत्येक टोकावरची बारीक पट्टी हवा अडवून धरते. पुढच्या रोटरच्या पट्ट्या बाबांनी धडधाकट असताना बसवल्या. मागच्याच्या बसवताना हात थरथरत होते. "द्या, मी बसवते," मी म्हटलं, तर म्हणाले, "नको गंधाली. हे माझं काम आहे." इंजिन गाडीत चढलं आणि ते गेले. तपासणी राहूनच गेली.

विराजने मागच्या रोटरचा प्लग काढून तिथे दाब मोजायचा गेज बसवला. मी किल्ली फिरवली. काटा वर गेला आणि तिथेच थांबला.

"मस्त! ले ली मैंने."

तिथेच थांबता आलं असतं. पण बाबांनी थांबू दिलं नसतं.

"तो काटा रोटरच्या तीन बाजूंपैकी सगळ्यांत चांगल्या बाजूचा आकडा धरून बसतो," मी म्हणाले. "बाकी दोन फुसक्या असल्या तरी कळत नाही. गेजची ती झडप दाबून धरा. मग काटा दर वेळी उडेल, पडेल. तिन्ही उड्या सारख्या हव्यात."

तो बघतच राहिला. "ये आपको किसने..."

"बाबांनी. ते गेज धरायचे, मी किल्ली फिरवायची, कान देऊन."

"तो करें?"

किल्लीवरचा हात हलेना. "नको... बॅटरी उतरलीय."

आत्ताच तर इंजिन जोरात फिरलं होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं. बॅटरी काढून चार्जिंगला घेऊन गेला.

पुढच्या रविवारी बॅटरी आली, सोबत सदर बाजारातली गरम जिलबी. मग दर रविवारी काही ना काही निघत गेलं. कधी प्लग घासायचे, कधी नुसताच चहा.

"मराठी येत नाही का हो तुम्हाला?"

"समझता सब हूँ. बोललो का आई हसते."

"मी नाही हसणार."

"झूठ!"

आणि एका रविवारी काकांचा फोन आला. विराजने गाडी घेतली नाही तर उद्या भंगारवाला येणार होता.

"आज करू," मी म्हणाले.

उघड्या बॉनेटखालच्या फटीतून त्याचे फक्त डोळे दिसत होते. "घुमाओ."

फुस्... फुस्... फुस्.

मी पुन्हा फिरवलं. तेच, एका मापात.

"काटा?"

"तिन्ही सारखे." तो हळूच म्हणाला. "एकदम सारखे."

बाबांच्या थरथरत्या हातांनी! मी ताठ बसले. डोळे पुसले नाहीत. लपवण्यासारखं काहीच नव्हतं. काकांना फोन लावला. "काका, बाबांचं काम चोख आहे. गाडी विकायची नाही."

काका म्हणाले, "दादाच तो... आणि मी भंगार म्हटलं!"

विराज कापडाला हात पुसत होता.

"गाडी गेली तुमची," मी म्हणाले.

"मले माहीत होतं. तिन्ही सारखे निघाले तर तुम्ही देणार नाही."

"मग एक कमी सांगायचं होतं."

"आलं होतं मनात..." त्याचे कान लाल झाले. "पण काचेतून तुमचा चेहरा दिसून राहिला होता. गाडीपेक्षा मले... तोच पाहिजे."

मला हसू फुटलं.

"हसले ना! म्हटलं होतं मी."

"मराठीला नाही हसले."

तो मान खाली घालून गेज पुसत राहिला, पुसलेलाच पुन्हा. मग म्हणाला, "पुढचा रोटर राहिला. करू?"

डॅशबोर्डवरचे दिवे लख्ख जळत होते.

"आज नको," मी म्हणाले. "बॅटरी उतरलीय."

त्याने दिव्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हव," तो मान डोलावून म्हणाला. "पार उतरलीय."