न लावलेली रोपं

"ते उपटू नका… निदान आजचा दिवस तरी."

आवाज भिंतीवरून आला. ती वाफ्यात उकिडवी बसली होती, मुठीत एका अनोळखी रोपाची मान होती आणि आता फक्त ओढायचं बाकी होतं. तिनं वर पाहिलं तर भिंतीच्या काठावर एक डोकं. केसांत गवताची काडी, गालावर सरसाचा वाळलेला ओघळ, आणि आपण बोलून बसलो याचं स्वतःलाच नवल वाटल्यासारखे डोळे.

"का? तुमचं आहे का हे?" तिनं विचारलं.

"माझं कसं असेल? बाग तुमची." तो जरा गोंधळला. "म्हणजे… येताजाता बघतोय मी. कळी धरलीय त्यानं. कसलं फूल येतंय एवढं तरी कळू द्या."

तिनं मूठ सोडली. रोपाची मान थोडी पिचली होती, ती तिनं बोटानं सरळ केली. वर पाहिलं तेव्हा डोकं नाहीसं झालं होतं. भिंतीपलीकडे एक लाकडी खोकं कुरकुरलं, कुणीतरी त्यावरून खाली उडी मारली, आणि कपाळ कशावर तरी आपटल्याचा आवाज आला. ती एकटीच हसली.

बाग खरं तर आत्याची. आईवडील लहानपणीच गेले, तेव्हापासून तिला आत्यानंच वाढवलं होतं. आत्यानं जन्मभर शाळेत शिवण शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर तोच हात मातीवर चालवला. अस्टरची रांग, तिच्यामागे झिनियाची, तिच्यामागे फ्लॉक्सची. बघणाऱ्याला वाटावं, जमिनीला धावदोरा घातलाय. कौतुक करणं आत्याच्या स्वभावात नव्हतं. वर्गातल्या मुलींनाही ती फार झालं तर एवढंच म्हणायची, "ओळ सरळ आलीय." तेवढ्यावर मुली आठवडाभर हवेत असायच्या. आणि तण म्हणजे तिच्या लेखी शिवणीतून बाहेर आलेला दोरा. दिसला की तोडायचा.

भाची टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. कानाला यंत्र लावून दिवसभर लोकांचे आवाज एकमेकांना जोडून द्यायचे, हे तिचं काम. गल्लीतली पोरं तिला हॅलोबाई म्हणत. इतके आवाज ऐकून तिचा कान असा तयार झाला होता की नुसत्या "कोण बोलतंय" वरून तिला कळे, हा माणूस रागावलाय, की रडून उठलाय, की प्रेमात आहे.

भिंतीपलीकडचा माणूस नवा होता. मागच्या शेडमध्ये त्यानं दुकान थाटलं होतं. तडकलेल्या बरण्या, कान तुटलेले कप, कुणाच्या आजीची फुटकी किटली, असलं काय काय लांबलांबून खोक्यांत भरून त्याच्याकडे यायचं. दारावर पाटी होती, 'फुटलेलं सांधून मिळेल'. पहिल्याच आठवड्यात एक आजोबा गुडघा घेऊन आले. यानं त्यांना हसून परत न पाठवता खुर्ची दिली, चहा दिला, तासभर गुडघ्याची कहाणी ऐकून घेतली. आजोबा बरं वाटतंय म्हणून निघाले, आणि तेव्हापासून त्याचं नाव पडलं सांधेवाला.

त्या वाचलेल्या रोपाला शेवटी फूल आलं. जांभळट, नखाएवढं, आणि सकाळी दहाच्या आत मिटणारं. तोवर अस्टरच्या रांगेत आणखी एक पाहुणा उगवला होता. मग एक, मग दुसरा. एकाची पानं मांजराच्या जिभेसारखी खरखरीत, एकाला टोपीसारखा तुरा, एक तर नुसता काटेरी आणि भांडकुदळ. आत्या खुरपं घेऊन आली की भाची म्हणायची, राहू दे की थोडे दिवस, मी उपटते नंतर. आत्या चष्म्यावरून बघायची आणि झिनियाकडे वळायची.

कारण भाचीनं मनाशी एक हिशेब मांडला होता. पूर्वी कधी न उगवणारं नेमकं सांधेवाला आल्यावरच उगवू लागलं, तेही त्याच्याच भिंतीच्या कडेला. आणि हा माणूस बरोबर त्याच रोपांची चौकशी करतो. मग दुसरं काय असणार? आपण ड्यूटीवर गेलो की हा वरून बी टाकतो, आणि पुन्हा साळसूदपणे विचारतो, हे काय उगवलंय. बोलायची ही रीत तिला फार आवडली. तोंडानं गोड बोलणारे ती दिवसभर ऐकत होती. बी पेरून वाट बघणारा तिनं पहिल्यांदाच पाहिला.

रोज सकाळी ड्यूटीला जायच्या आधी खोकं कुरकुरायचं आणि डोकं वर यायचं.

"आज नवीन कोण?"

"तुम्हालाच ठाऊक," ती म्हणायची.

तो मोकळं हसायचा. "वा! म्हणजे आता मीच ओळखायचं?"

"ओळखा की. जमतंय तुम्हाला."

मग दोघं मिळून बारसं करायचे. काटेरीला नाव मिळालं 'सासूबाई'. तुरेवाल्याला 'साहेब', कारण तिच्या एक्स्चेंजचे साहेब असेच टोपी सावरत उभे राहायचे. एका नाजूक, वाऱ्यावर उगाच डोलणाऱ्या रोपाचं नाव काय ठेवायचं यावर दोघंही अडले. तो तिच्याकडे बघून काहीतरी म्हणणार होता… पण म्हणाला नाही. तिचे कान मात्र दुपारपर्यंत गरम राहिले, आणि तिनं एका व्यापाऱ्याचा फोन चुकून दवाखान्यात जोडून दिला.

एकदा संध्याकाळी ती आत्याचं तडकलेलं साखरेचं भांडं घेऊन त्याच्या दुकानात गेली. बाहेर बारीक पाऊस भुरभुरत होता. पत्र्यावर त्याचा आवाजही नीट येत नव्हता, नुसती कुजबुज. त्यानं भांडं तळहातावर घेतलं, नखानं टिचकी मारली आणि कान जवळ नेला. मग शेजारचा धड कप उचलून त्यालाही मारली. कप खणखणला.

"तुमचं बद्द बोलतंय, ऐकलंत? डोळ्यांना तडा एवढासा दिसतो, पण आवाज खोटं बोलत नाही."

"माझंही कामच आहे ते," ती म्हणाली. "आवाज ओळखायचं."

"मग माझा कसा आहे?"

तिनं पावसाकडे बघितलं. "अजून तरी… खणखणीत."

भांडं दुरुस्त व्हायला खरं तर दोन दिवस पुरले असते. त्याला पुष्कळ लागले, आणि तीही चौकशीला जात राहिली.

याच सुमारास साहेबांनी तिला बोलावून घेतलं. मोठ्या शहरातल्या एक्स्चेंजमध्ये जागा होती, वरच्या हुद्द्याची. या जागेसाठी तिनं कितीतरी वर्षं वाट पाहिली होती. तरी तिनं विचार करून सांगते म्हटलं. बाहेर आल्यावर तिचं तिलाच कळेना, विचार कसला करायचाय. कळत होतं, पण ते भिंतीपलीकडे होतं आणि अजून बोललं नव्हतं.

त्यातच आत्याचा पाय मुरगळला आणि ती दिवसभर मागच्या खिडकीत बसू लागली. दुसऱ्याच दुपारी तिला उलगडा झाला. सांधेवाल्यानं एक खोकं उचलून भिंतीवर टेकवलं आणि आतलं पॅकिंगचं वाळकं गवत झटकलं. गवत त्याच्याच अंगणात पडलं. पण त्यातला भुसा आणि बारीक बी वाऱ्यावर तरंगत भिंत ओलांडून आलं आणि अस्टरवर अलगद उतरलं.

भाची घरी आली तेव्हा आत्यानं त्याला फाटकाशी बोलावून घेतलं होतं. तो हात पुसत उभा होता, चेहरा पार उतरलेला.

"मला खरंच माहीत नव्हतं हो आत्या," तो सांगत होता. "दुकानात धूळ नको म्हणून मी इकडे झटकायचो. मला वाटायचं, पहिलं सोडलं तर बाकीची रोपं यांनीच हौसेनं लावलीत." आणि त्यानं तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही नव्हती लावली?"

"नाही," ती म्हणाली.

आपला आवाज बद्द झालाय हे तिला स्वतःलाच ऐकू आलं. एवढे दिवस ती ज्याला बोलणं समजत होती तो नुसता कचरा होता, वाऱ्यानं आणलेला. कुणी काही पेरलं नव्हतं, कुणी कसली वाट बघत नव्हतं. आत जाऊन तिनं थंड पाण्यानं तोंड धुतलं, पण लाज काही उतरेना. दुसऱ्या दिवशी साहेबांच्या टेबलाशी उभं राहून तिनं सांगून टाकलं, मी जाते.

सांधेवाल्यानं भिंतीवर गोणपाट बांधलं. गवत झटकणं बंद झालं, खोकं कुरकुरायचं थांबलं. 'सासूबाई' आणि 'साहेब' वाळून गेले, तिनंच ते उपटले. बाग पूर्वीसारखी झाली, पुस्तकातल्या चित्रासारखी. तिला तिकडे बघवेना. गल्लीत बातमी पसरली होती, हॅलोबाई चालल्या. पाटीखालून जाताना ती मान खाली घालायची, आणि तो आत हातातल्या कपाला उगाच टिचक्या मारत बसायचा.

बदलीचा कागद हातात पडला. ट्रंक भरून झाली. आत्या म्हणाली, जाण्याआधी एकदा निंदून दे बाई, माझा पाय अजून वाकत नाही.

भिंतीच्या अगदी बुडाशी पुन्हा कोंब आले होते. तिला रागच आला. पहिला धरला, सोडला, दुसऱ्याकडे हात गेला, मग तिसऱ्याकडे. आणि मग हात थबकला. तिला जाणवलं, आपला हात शोधत नाहीये. तो नुसता सरकतोय, वीतवीत अंतरानं, एका रेषेत. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

वाऱ्यानं आणलेलं काही ओळीत उगवत नाही.

"आत्या," तिनं हाक मारली. स्वतःचा आवाज तिला ओळखू आला नाही. "हे काय आहे?"

आत्या खिडकीतच होती. "मला काय विचारतेस? रोज दुपारी तू कामावर असलीस की भिंतीवरून एका किटलीची तोटी बाहेर येते. डोकं दिसत नाही, नुसती तोटी. पाणी घालते आणि जाते. त्याआधी एक दिवस कागदाची नळी आली होती. तिच्यातून एकेक बी खाली सोडत होता. आठवडाभर चाळणी घेऊन गवतातून निवडलं असणार त्यानं."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"मी का सांगू? ज्याचं त्यानं सांगावं." आत्यानं चष्मा पुसला. "मी तोंडसुख घेतलं ना त्या दिवशी, तेवढं पुरे झालं."

बादली पालथी घालून ती तिच्यावर उभी राहिली आणि गोणपाट बाजूला सारलं. तो तिथेच होता, हातात तुटक्या झाकणाची किटली.

"हे कुणी लावलं?" तिनं विचारलं.

त्यानं किटलीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. या वेळी त्याचे डोळे गोंधळले नाहीत.

"मी."

एकच अक्षर, पण टिचकी मारल्यावर धड कप वाजावा तसं.

"आणि बोलला असता तर काय झालं असतं?"

"तुम्ही निघाला होता. इतक्या वर्षांची तुमची इच्छा… बोललो असतो तर वाट अडवल्यासारखं झालं असतं. म्हटलं, उगवलं तर उगवलं. तुम्ही पाहिलं तर पाहिलं."

"मी अजूनही जाणारच आहे."

"जा की." त्यानं किटली भिंतीवर ठेवली. "तिथली माणसंही कपबश्या पाडत असतीलच ना?"

तिला हसू आलं आणि त्यातच डोळे भरून आले. बादली डुगडुगली. तिनं आधाराला भिंतीवर हात टेकला. त्यावर त्यानं आपला हात ठेवला, सरसानं चिकट झालेला, आणि मग दोघांनीही तो सोडवायची घाई केली नाही. खिडकी हळूच लागल्याचा आवाज मात्र आला.

ती मोठ्या शहरात गेली. पाठोपाठ त्याची पाटीही गेली, आणि तिथेही पहिल्याच आठवड्यात कुणीतरी मान आखडली म्हणून दुकानात येऊन बसलं. आत्याला दोघांनी पुष्कळ आग्रह केला, पण बाग सोडून येईल ती आत्या कसली.

एके दिवशी एक्स्चेंजमध्ये तिच्यासमोरचा दिवा लागला. तिनं कॉल घेतला, आणि पलीकडून आत्याचा आवाज आला. आत्याला फोनवर बोलायची सवय नव्हती. ती दुसऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडत होती.

"फूल आलं गं भिंतीकडच्या रोपांना. सांग त्याला."

"कसं आहे आत्या?"

"कसलं कसं? रानटीच ते. रंग काही धड नाही, वास नाही. उपटलं नाही मी. काठ्या लावल्यात." मग आवाज जरा खाली आला. "पण त्याला म्हणावं… ओळ सरळ आलीय."